तुरुंगातलं जेवण: पहिल्यांदा आत गेलेल्यासाठी आणि बाहेर थांबलेल्या घरासाठी

फोन बहुतेक रात्रीच येतो. ओळखीच्या ओळखीतून कुणीतरी माझा नंबर दिलेला असतो आणि पलीकडे एखादी आई नाहीतर बायको असते. कलम कोणतं लागलंय, वकील कसा आहे, जामीन कधी होईल, हे सगळं ती विचारते. पण त्याच्या आधी एक प्रश्न हमखास येतो. "दादा, तो जेवला असेल का हो?"

मी महाराष्ट्रातल्या एका मध्यवर्ती कारागृहात अकरा महिने कच्चा कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेला कैदी, होतो. पुढे खटल्यातून सुटलो, ती गोष्ट वेगळी. देशातल्या तुरुंगांत दर चार माणसांतली तीन अशी कच्चीच असतात. २०२२ च्या सरकारी आकडेवारीत एकूण ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ जण न्यायाधीन होते. म्हणजे असा फोन करायची वेळ कुणाच्याही घरावर येऊ शकते. फोनवर मी जे तुकड्यातुकड्यांत सांगतो, ते एकदा सलग लिहून ठेवतोय. दर तुरुंगाची रीत थोडी वेगळी असते, वेळा अर्ध्या-एक तासाने पुढेमागे होतात, पण सांगाडा सगळीकडे हाच.

आधी पोलीस कोठडी, मग तुरुंग

घरच्यांचा पहिला गोंधळ इथेच होतो. अटक झाल्याझाल्या माणूस तुरुंगात जात नाही. आधी पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी. तिथे तो पोलीस ठाण्याच्या लॉकअपमध्ये असतो आणि जेवण बाहेरच्या एखाद्या खानावळीतून किंवा हॉटेलातून येतं. दोन चपात्या, भाजी, कधी भात. ते वेळेवर येईलच असं नाही. चौकशी लांबली की जेवणही लांबतं.

इथे घरचा डबा मिळवणं तुलनेने सोपं असतं. पहिल्या रिमांडच्या वेळीच वकिलाला न्यायाधीशांसमोर तोंडी विनंती करायला सांगा आणि ती आदेशात लिहून घ्या. खासदार संजय राऊत २०२२ च्या ऑगस्टमध्ये ईडीच्या कोठडीत गेले, तेव्हा कोर्टाने घरचं जेवण आणि औषधांना परवानगी दिली होती. ते मोठे नेते म्हणून मिळालं, असं म्हणून गप्प बसू नका. साध्या माणसालाही मिळतं, मागावं लागतं. डायबेटिस, अल्सर, बीपी असं काही असेल तर डॉक्टरांच्या कागदाची झेरॉक्स वकिलाकडे त्याच दिवशी पोचवा.

कोठडी संपली की एमसीआर, न्यायालयीन कोठडी. आता माणूस तुरुंगाच्या ताब्यात जातो. नव्या बीएनएसएस, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, या कायद्यात पोलीस कोठडीचे पंधरा दिवस तुकड्यातुकड्यांनीही घेता येतात, त्यामुळे एकदा तुरुंगात गेलेला माणूस पुन्हा लॉकअपमध्ये आला तर घाबरून जाऊ नका.

त्या दिवशी कोर्टातच पोटभर खाऊन घ्या

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कोर्टात संध्याकाळी पाचला एमसीआर झाला, गाडीत बसलो, तुरुंगाच्या फाटकावर पोचायला सात वाजले. झडती, नोंदणी, अंगावरच्या खुणा लिहून घेणं, डॉक्टरसमोर उभं राहणं, यात आणखी दोन तास गेले. आतलं रात्रीचं जेवण तोवर चार तासांपूर्वीच आटोपलेलं. मला एका जुन्या कैद्याने त्याच्या थाळीखाली झाकून ठेवलेली दीड चपाती दिली. वर चिमूटभर मीठ-मसाला. ती चपाती मला तोडता येत नव्हती, इतकी वाळलेली. त्याने शांतपणे पाण्याचा हबका मारला, दोन मिनिटं तशीच ठेवली आणि म्हणाला, "आता खा."

म्हणून एमसीआर होणार हे दिसायला लागलं की कोर्टाच्या आवारातच, बरोबरच्या पोलिसाला विचारून, माणसाला वडापाव नाही तर पोळीभाजी, केळी, जे पचेल ते खायला घाला. पाणी भरपूर प्यायला लावा. खिशात बिस्किटाचा पुडा दिलात तर तो फाटकावर काढून घेतला जाण्याचीच शक्यता जास्त.

आणखी एक. दाखल होताना तुरुंगाचे वैद्यकीय अधिकारी तपासतात. त्या वेळी लाजून किंवा थकून "काही नाही, ठीक आहे" असं म्हणायचं नाही. साखर, बीपी, आम्लपित्त, फिट्स, दात नसणं, कुठल्या पदार्थाची अॅलर्जी, जे असेल ते तिथेच सांगायचं आणि लिहिलं जातंय का ते बघायचं. पुढे कोर्टात डबा मागताना "दाखल होताना तर काही तक्रार नव्हती" असं उत्तर येतं, ते या नोंदीवरून.

आतलं घड्याळ

चव वगैरे नंतर. आत जाणाऱ्याने सगळ्यात आधी घड्याळ समजून घ्यावं, कारण आत माणूस हैराण होतो तो त्यापायी.

सकाळी सहाच्या सुमाराला बराकीचं कुलूप निघतं, मोजणी होते. सातच्या आसपास चहा आणि न्याहारी: पोहे, उपमा, शिरा, असं आलटून पालटून. दहा ते अकराच्या दरम्यान दुपारचं जेवण. हो, दहाला. बाहेर ज्या वेळी ऑफिसात लोक दुसरा चहा पितात, त्या वेळी आत माणूस चपाती-भाजी, वरण-भात खात असतो. दुपारी बारानंतर पुन्हा बराकी बंद, तीनला उघडतात, चहा येतो. आणि चार ते पाचच्या दरम्यान संध्याकाळचं जेवण वाटलं जातं, कारण अंधार पडायच्या आत सगळ्यांना कोंडून मोजणी पूर्ण करायची असते. या कुलूप लागण्यालाही आत "बंदी" म्हणतात आणि सरकारी कागदात कैद्यालाही "बंदी"च. पहिले चार दिवस कोण कशाला बंदी म्हणतंय ते मला कळत नव्हतं.

केंद्राच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीतही तीन जेवणांचीच रचना आहे: सकाळी कामाआधी हलकं, मग दुपारचं आणि कोंडण्याआधी संध्याकाळचं. कागदावर ते ठीक दिसतं. आता हिशेब करा. संध्याकाळी साडेचारला वाढून घेतलेलं ताट आणि सकाळी सातचा चहा, यात साडेचौदा तास जातात. बाहेर साडेआठ-नऊला जेवायची सवय असलेल्या पोटाला रात्री दहा वाजता आग लागते आणि त्या वेळी कुलूप लागलेलं असतं.

नवा माणूस दोनपैकी एक चूक करतो. साडेचारला भूक नाही म्हणून ताट घेतच नाही, नाहीतर घेतो आणि लगेच संपवतो. जुने लोक ताट घेतात, वरण-भाजी डब्यात काढून ठेवतात, चपात्या कापडात गुंडाळतात आणि आठ-साडेआठला पंगत मांडतात. गार असतं, पण पोट झोपू देतं. उन्हाळ्यात वरण आंबतं. तेव्हा वरण-भात लगेच खाऊन टाकायचा आणि रात्रीसाठी चपाती, शेंगदाणे, गूळ, फरसाण असं कोरडं ठेवायचं. कॅन्टीनमधून पहिली वस्तू घ्यायची ती झाकणाचा प्लास्टिक डबा. साबण नंतर.

ताटात काय असतं

चपाती, भात, वरण किंवा आमटी, एक भाजी. भाजीत बटाटा, दुधी, लाल भोपळा, कोबी, मुळा. हंगामात जे स्वस्त ते पुन्हा पुन्हा येतं. आमच्या बराकीत भोपळ्याला "साहेब" नाव पडलं होतं, कारण रोज भेट द्यायचा.

आदर्श नियमावलीच्या हिशेबाने साध्या माणसाला दिवसाला २००० ते २४०० उष्मांक लागतात आणि अंगमेहनतीचं काम करणाऱ्याला २८०० पेक्षा कमी नकोत. पोट रिकामं राहणार नाही एवढं धान्य आत मिळतं, हे मी खात्रीने सांगू शकतो. कमतरता असते ती डाळीच्या दाटपणाची, तेलाची, फळांची आणि कच्च्या भाजीची. आमटी वाढणारा पळी वरूनच फिरवतो की तळातून, यावर रोज भांडणं व्हायची. रांगेत शेवटी उभं राहिलं तर डाळ तळाला बसलेली मिळते, पण कधी कधी भाजी संपलेली असते. ज्याने त्याने आपला जुगार निवडावा.

चपात्या शेकड्याने होतात, त्यामुळे काही कच्च्या, काही करपलेल्या. कच्ची चपाती खाऊ नका, पोट बिघडतं आणि बराकीतल्या एका संडासापुढची रांग तुम्हाला पुरेल इतकी लांब असते. आर्थर रोडसारख्या ८०४ जणांसाठी बांधलेल्या तुरुंगात तीन हजारांवर माणसं कोंडलेली असतात. रांगेचा अंदाज त्यावरून करा.

मांसाहार रोजच्या ताटात धरून चालू नका. तो मिळाला तर कॅन्टीनमधून, ठरलेल्या दिवशी, विकत.

बद्धकोष्ठ आणि पित्त ही पहिल्या महिन्याची दुखणी. पाणी कमी प्यायलं जातं, कारण संडासाची रांग टाळायची असते. माझंही तेच झालं. सकाळी उठल्याउठल्या दोन तांबे पाणी आणि बराकीबाहेर असू तेवढा वेळ चालणं, यानेच ते आटोक्यात आलं.

पैसे आत कसे पोचतात

घरच्यांच्या हातात असलेलं सगळ्यात मोठं काम हे, आणि ते पहिल्या दोन दिवसांत करायचं.

आत रोख पैसे बाळगायला मनाई असते. प्रत्येक कैद्याच्या नावाने तुरुंगाकडे खासगी रकमेचं खातं असतं, त्याला सगळे "पीपीसी" म्हणतात. घरून मनीऑर्डर आली की ती या खात्यावर जमा होते आणि कॅन्टीनची खरेदी त्यातून वजा होते. महिन्याला किती पाठवता येतील यावर सरकारी मर्यादा असते आणि ती परिपत्रकाने वाढत जाते. २०२१ च्या ऑक्टोबरात आर्थर रोडमधल्या एका बहुचर्चित तरुण कच्च्या कैद्याला घरून साडेचार हजारांची मनीऑर्डर आल्याची बातमी सगळीकडे झाली होती. ती तेव्हाची महिन्याची कमाल रक्कम होती. सध्याचा आकडा मुलाखतीच्या, म्हणजे कैद्याच्या भेटीच्या, खिडकीवर विचारा, आणि मनीऑर्डरशिवाय दुसरी सोय त्या तुरुंगात आहे का तेही तिथेच विचारा.

पोस्टात जाऊन मनीऑर्डर करायची. कैद्याचं पूर्ण नाव वडिलांच्या नावासह, तुरुंगातला न्यायाधीन क्रमांक, कारागृहाचं नाव आणि पत्ता. क्रमांक माहीत नसेल तर मुलाखतीच्या खिडकीवर किंवा वकिलामार्फत मिळतो. आडनाव कागदावर जसं आहे तसंच लिहा. माझ्या पहिल्या मनीऑर्डरवर घरच्यांनी लाडाचं नाव लिहिलं होतं, ती फिरून परत गेली आणि मी आणखी बारा दिवस दुसऱ्यांच्या बिस्किटांवर काढले. सगळं नीट लिहिलं तरी पहिली रक्कम खात्यावर यायला आठ-दहा दिवस धरून चाला. म्हणूनच पहिला आठवडा सगळ्यात भुकेचा असतो.

रक्कम एकदम कमाल पाठवू नका. ज्याच्या खात्यावर जास्त पैसे येतात त्याची बातमी बराकीत संध्याकाळपर्यंत पसरते आणि मग "भाऊ, मला एक तेलाची बाटली" सुरू होतं. दोन-अडीच हजार, नियमित, दर महिन्याच्या त्याच आठवड्यात. आतल्या माणसाला त्या नियमितपणाचा आधार पैशांइतकाच असतो.

आता सावधगिरीची गोष्ट. "मी तुरुंगातून बोलतोय, तुमच्या मुलाची चांगल्या जेवणाची सोय करतो, या नंबरवर जीपे करा," असे फोन येतात. एक रुपया पाठवू नका. आमच्या घरच्यांनी कोर्टाच्या आवारात भेटलेल्या एका दलालाला "आत डबा पोचवतो" म्हणून सात हजार दिले होते. डबा सोडा, माझ्यापर्यंत निरोपही आला नाही. असे पैसे देणं हा गुन्ह्याचा भाग ठरू शकतो, हेही लक्षात घ्या. तुरुंगात बंदी असलेली वस्तू पोचवण्याला कायद्यात वेगळी शिक्षा आहे.

कॅन्टीनमधून काय घ्यायचं

२०२३ च्या डिसेंबरात राज्याच्या कारागृह विभागाने कॅन्टीनच्या यादीत पाणीपुरी आणि आइस्क्रीम घातल्याच्या बातम्या आल्या आणि बाहेर लोकांनी "मजाच आहे की" म्हणून चेष्टा केली. यादीत असणं आणि तुमच्या बराकीच्या वाराला ती वस्तू शिल्लक असणं यात फरक असतो. खरेदीचे दिवस ठरलेले असतात. मागणी आधी लिहून द्यावी लागते, बहुधा रायटरकडे, म्हणजे लिखापढीचं काम करणाऱ्या कैद्याकडे.

पहिल्या खरेदीत झाकणाचा डबा, मीठ, लाल तिखट किंवा शेंगदाण्याची चटणी, लोणचं, भाजलेले शेंगदाणे, गूळ, बिस्किटं, दुधाची पावडर, मिळाली तर केळी आणि लिंबं. लिंबू सगळ्यात मोलाचं. गार वरणावर अर्धं लिंबू पिळलं की ते परत अन्न होतं.

आतली कल्पकता बघून मी थक्क व्हायचो. वाळलेल्या चपात्या हाताने चुरून त्यात गूळ आणि शेंगदाण्याचा कूट, थोडं तूप मिळालं तर तूप, आणि लाडू वळायचे. बेचव भाजीतला रस्सा काढून टाकायचा, भाजी धुऊन घ्यायची, त्यात तिखट, फरसाण, कच्चा कांदा. एकाच्या मुलीचा वाढदिवस होता तेव्हा पारले-जीचे सहा पुडे चुरून, दुधाच्या पावडरीत भिजवून, डब्यात दाबून रात्रभर ठेवले. सकाळी डबा उपडा केला तर थरथरत का होईना, पण केक निघाला. त्याने तो कापताना मुलीचं नाव घेतलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

काही जण याच्या पुढे जातात आणि कागद, कापड जाळून भाजी परत फोडणीला टाकतात. त्याला "हंडी लावणं" म्हणतात. वास सुंदर येतो. नवीन माणसाने त्यात पडू नये. बराकीत आग पेटवणं हा नियमभंग आहे, सापडलात तर मुलाखत आणि कॅन्टीन बंद होऊ शकतं, आणि शंभर माणसं कोंडलेल्या खोलीत आग ही आगच.

चार-पाच जणांचा गट करून एकत्र जेवा. एकाचं लोणचं, दुसऱ्याचे शेंगदाणे, तिसऱ्याला मनीऑर्डरच येत नाही पण तो भांडी घासतो. एकट्याने कोपऱ्यात बसून बिस्किटं खाणाऱ्याला कुणी काही बोलत नाही, पण तो तापाने फणफणला तर त्याच्या वाट्याचं ताटही कुणी घेऊन ठेवत नाही. मात्र उधार-उसनवार नको. आतलं उसनं व्याजासकट मागितलं जातं आणि ते कुठल्या रूपात मागितलं जाईल याचा नेम नसतो.

घरचा डबा कसा मिळवायचा

१८९४ च्या तुरुंग कायद्याचं कलम ३१ सांगतं की अजून शिक्षा न झालेल्या कैद्याला स्वतःच्या खर्चाने किंवा घरून अन्न, कपडे, अंथरूण मिळवता येतं, पण तपासणी आणि नियमांच्या अधीन राहून. कलम ३२ सांगतं की तो डबा दुसऱ्या कैद्याला देता किंवा विकता येत नाही. त्यामुळे आत डबा सुरू झाला की सोबत्यांसमोर एकट्याने खायची शिक्षा सुरू होते, पण ते असो.

कायद्यात हक्क आहे म्हणून फाटकावर डबा घेऊन उभं राहिलं तर परत पाठवतात. प्रत्यक्षात कोर्टाचा आदेश लागतो. आणि कोर्ट बहुतेकदा विचारतं: आजार काय, आणि तुरुंगातल्या जेवणाने तो सांभाळला जात नाही याला पुरावा काय? माजी गृहमंत्री अनिल देशमुख नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यायालयीन कोठडीत गेले, तेव्हा विशेष न्यायालयाने त्यांना घरच्या डब्याबद्दल सांगितलं की आधी तुरुंगातलं खाऊन बघा, नाही जमलं तर विचार करू. काही महिन्यांपूर्वीपर्यंत राज्यातले सगळे तुरुंग त्यांच्याच खात्याखाली होते.

म्हणून अर्ज लेचापेचा नको. आजाराची जुनी कागदपत्रं, डॉक्टरांनी लिहून दिलेला आहार, दाखल होतानाच्या तपासणीची नोंद, आणि आत गेल्यापासून साखर किंवा वजन बदललं असेल तर तो आकडा. अर्जात डबा आणणाऱ्या माणसाचं नाव, नातं आणि ओळखपत्र, दिवसातून एकदा की दोनदा, हे स्पष्ट लिहायचं. आदेश झाला की त्याची प्रमाणित प्रत तुरुंगाच्या कार्यालयात द्यायची. नुसतं "कोर्टाने सांगितलंय" चालत नाही.

डबा साधा, झाकण पटकन निघणारा ठेवा. पोळ्या एकावर एक न चिकटवता, भाजी कोरडी, हाडं-काटे नसलेलं. फाटकावर पोळी मोडून बघतात, भाजीत चमचा फिरवतात, कधी आणणाऱ्यालाच घास खायला लावतात. त्यात अपमान मानू नका. वेळ चुकली तर डबा बाहेरच राहतो. रोज तुरुंगाच्या फाटकापर्यंत जाणं हे घरच्यांसाठी किती महिने जमणार आहे, याचा विचार अर्ज करण्याआधी करा. माझ्या आईने हट्टाने अर्ज करायला लावला होता. अडीच तास एका बाजूचा प्रवास. मी मुलाखतीत हात जोडून नको म्हणालो.

शिक्षा झालेल्यांना, म्हणजे पक्क्या कैद्यांना, ही सवलत सहसा नसते. २०१३ मध्ये संजय दत्त शिक्षा भोगायला गेले तेव्हा टाडा न्यायालयाने घरच्या जेवणाची मुभा दिली, ती एक महिन्यापुरती.

आजारी असेल तर

डब्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे वैद्यकीय आहार. तुरुंगाचे डॉक्टर लिहून देतात आणि मग दूध, अंडं, पाव, खिचडी, मीठ कमी किंवा भात बंद, असं जे लागेल ते मिळतं. त्यासाठी ओपीडीच्या रांगेत उभं राहून सांगावं लागतं, आणि पुन्हा सांगावं लागतं. मधुमेह्याला साडेचौदा तासांची ती रात्र धोक्याची. गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर रात्रीसाठी जवळ काहीतरी खायला हवं, हे डॉक्टरकडून लिहून घ्या.

कधी अन्न मिळतं, पण खाता-पिता येत नाही. फादर स्टॅन स्वामी २०२० मध्ये तळोजा कारागृहात होते, वय ८३. पार्किन्सन्समुळे हाताला कंप, पेला धरता येत नव्हता. साध्या सिपरसाठी त्यांना कोर्टात अर्ज करावा लागला आणि तो मिळायला काही आठवडे गेले. घरातला माणूस म्हातारा असेल, दात नसतील, हात थरथरत असेल, तर सिपर, स्ट्रॉ, चमचा, मऊ आहार, या गोष्टी पहिल्या रिमांडलाच आदेशात लिहून घ्या. त्या क्षुल्लक वाटतात म्हणून राहून जातात.

बायका आणि लहान मुलं

आईबरोबर सहा वर्षांपर्यंतचं मूल आत राहू शकतं. २००६ साली आर. डी. उपाध्याय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की अशा मुलाला कैदी मानायचं नाही आणि अन्न, दूध, कपडे, औषधोपचार, शिक्षण हा त्याचा हक्क आहे. मुलाचा आहार आईच्या ताटातून काढून द्यायचा नसतो, तो वेगळा मिळायला हवा. मूल बरोबर जाणार असेल तर त्याच्या लसीकरणाचं कार्ड आणि डॉक्टरचे कागद सोबत द्या.

रोजे, उपवास, सण

श्रावण, एकादशी, नवरात्र असे उपवास किंवा रमजानचे रोजे करायचे असतील तर आधी नाव नोंदवावं लागतं. नोंद झाली की उपवासाला शेंगदाणे, बटाटे, केळी, साबुदाणा असं काही मिळतं, आणि रोजेदारांच्या जेवणाच्या वेळा बदलतात. आमच्या बराकीत रमजानात पहाटेच्या सहरीचा आवाज सगळ्यांनाच जागं करायचा आणि दोन-चार हिंदू पोरंही चहाच्या आशेने उठून बसायची. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, दिवाळीला गोडाधोडाचं ताट असतं. त्या दिवशी मात्र घरची आठवण फार येते.

स्वयंपाकघरात काम मिळालं तर

स्वयंपाक बाहेरचा ठेकेदार करत नाही, कैदीच करतात. त्या स्वयंपाकघराला आत बरेच जण भिशी म्हणतात. काम पहाटे तीन-चारला सुरू होतं, भट्टीसमोर उभं राहून शेकडो चपात्या लाटायच्या-भाजायच्या, उन्हाळ्यात अंगाची लाही होते. पण पोटभर आणि गरम खायला मिळतं, आणि दिवस सरतो.

इथे कुणी जात विचारून काम वाटत असेल तर ते बेकायदा आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतली जातीवर कामं वाटणारी कलमं घटनाबाह्य ठरवली. काही राज्यांच्या नियमांत तोवर "वरच्या" जातीच्या कैद्याने स्वयंपाक आणि ठरावीक जातींनी सफाई, असं छापलेलं होतं. एका पत्रकार बाईने ते खणून काढलं म्हणून ते कोर्टापुढे आलं.

तक्रार कशी करायची

अळ्या निघाल्या, ताट कमी आलं, पाणी गढूळ आहे, अशा तक्रारी आरडाओरडा करून सुटत नाहीत. २०१७ च्या जूनमध्ये मुंबईच्या भायखळा महिला कारागृहात दोन अंडी आणि पाच पावांच्या हिशेबावरून सुरू झालेल्या प्रकरणात मंजुळा शेट्ये या कैदी महिलेला मारहाण झाली आणि तिचा मृत्यू झाला. सहा कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला. हे घाबरवायला सांगत नाही. तक्रार एकट्याने, बंद दाराआड करू नये, एवढ्यासाठी सांगतो.

आधी लेखी अर्ज अधीक्षकांच्या नावाने, शक्यतो चार-पाच जणांच्या सह्यांचा. फेरीच्या वेळी तोंडी सांगितलं तरी लेखी द्याच. मग कोर्टाची तारीख. न्यायाधीशांसमोर, प्रत्यक्ष असो की व्हिडिओ कॉन्फरन्सवर, "जेवणाबद्दल तक्रार आहे" एवढं एक वाक्य स्पष्ट बोलायचं आणि वकिलाने ते नोंदवून घ्यायचं. जिल्हा न्यायाधीश तुरुंगाला भेट देतात, तेव्हा बोलता येतं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो. घरच्यांना मुंबईच्या राज्य मानवी हक्क आयोगाकडे साध्या कागदावर तक्रार पाठवता येते. अर्जात घालण्यासारखं एक नाव सांगून ठेवतो: १९८१ चा फ्रान्सिस कोरली मुलीन खटला. पुरेसा आहार हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलं आहे, आणि ते तिहारमध्ये स्थानबद्ध असलेल्या एका बाईच्या अर्जावर.

मुलाखतीत काय विचारायचं

मुलाखत आठवड्यातून एकदा, थोडा वेळ, जाळीच्या किंवा काचेच्या पलीकडून. खाण्याची वस्तू तिथे देता येत नाही, म्हणून लाडूचा डबा घेऊन जाऊन परत येताना रडू नका. "जेवतोस ना?" असं विचारलं की तो "हो" म्हणतो. त्याऐवजी विचारा: काल रात्री किती वाजता जेवलास? मनीऑर्डर खात्यावर आली का? पोट साफ होतं का? उत्तरांवरून खरं काय ते कळतं.

सुटण्याच्या दिवशी

जामिनाचा कागद संध्याकाळच्या ठरलेल्या वेळेत पोचला नाही तर सुटका दुसऱ्या दिवसावर जाते. आर्थर रोडच्या बाहेर त्यासाठी पेटीच ठेवलेली असते. घ्यायला येताना गाडीत काहीतरी हलकं ठेवा, ताक, केळी, घरची पोळी. हॉटेलात नेऊन बिर्याणी खायला घालू नका. कित्येक महिने कमी तेलातलं खाल्लेलं पोट ते टाकून देतं. मी स्वतः पुरणपोळी दोनच घास खाऊ शकलो आणि आईचा चेहरा उतरला. नंतर तिने मऊ भात, वरण आणि लिंबाची फोड दिली, ते मात्र दोनदा मागून घेतलं.

बाहेर पडायच्या आधी पीपीसी खात्यावरची उरलेली रक्कम मागून, मोजून, सही करून घ्या. घाईत बरेच जण ती तशीच सोडून येतात. आणि झाकणाचा डबा बराकीतल्या नव्या माणसाला देऊन या.